फोनवरचा छळ आणि आपली मुलं: नाशिकच्या पालकसभांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडको, सातपूर, इंदिरानगर या भागांत मी शाळांच्या पालकसभा घेते. सभागृहात हात वर करून विचारलेले प्रश्न वेगळे आणि नंतर जिन्यात, चपला घालता घालता, आवाज खाली आणून विचारलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न जास्त खरे असतात. इथे बहुतेक तेच आहेत.

मुलगी आठवडाभर "पोट दुखतंय" म्हणून शाळा टाळतेय. याचा फोनशी संबंध असेल का?

असेल, नसेलही. आधी डॉक्टरांना दाखवा. पोट खरंच दुखत असू शकतं.

तपासणीत काही निघालं नाही तर मुलीकडे जरा निरखून बघा. फोन वाजला की ती तो पालथा ठेवते का? कालपर्यंत फोन हातातून सुटत नव्हता आणि आज तो दुसऱ्या खोलीत पडून असतो, असं झालंय का? डीपी अचानक कोरा झालाय का? रोजची मैत्रीण घरी यायची थांबली आहे का? यातली एखादी गोष्ट कुठल्याही मुलाच्या बाबतीत घडते. तीन-चार एकदम दिसल्या तर शेजारी बसायला हवं.

एक उदाहरण सांगते. गणपतीच्या तोंडावर ढोल पथकाचा सराव रंगात आला होता आणि सातवीतला एक मुलगा सरावाला जाईनासा झाला. घरच्यांना वाटलं, हाताला फोड आलेत, कंटाळला असेल. पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या घामाघूम, तोंड वासलेल्या चेहऱ्याचं स्टिकर कुणीतरी बनवलं होतं. तो काहीही लिहो, "उद्या किती वाजता?" एवढंच विचारो, उत्तर म्हणून चौदा जण तेच स्टिकर टाकायचे. ग्रुपभर शोधूनही एक शिवी सापडली नसती.

मुलं एकमेकांची खेचणारच. मग छळ नेमका कशाला म्हणायचा?

ज्याची खेचली जातेय तो हसतोय का, आणि त्याला उलट खेचायची सोय आहे का, हे मी बघते. चौदा विरुद्ध एक असेल तर ती सोय नसते. "बास झालं" म्हटल्यावरही चालू राहिलं, तर तिथे मस्करी संपली.

शिवीगाळ हा त्यातला अगदी जुना प्रकार. हल्ली जास्त दिसतं ते असं: वर्गाचा एक ग्रुप असतो, मग एकाच मुलीला वगळून दुसरा ग्रुप निघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे त्या ग्रुपवरच्या विनोदावर हसतात. कॉलेजच्या नावाने इन्स्टाग्रामवर "कन्फेशन" पान निघतं, चालवणारा निनावी, आणि त्यावर मुलींबद्दल वाटेल ते लिहिलं जातं. कुणाच्या नावाने खोटं खातं उघडून त्याच्याच मित्रांना घाण मेसेज जातात. विश्वासाने पाठवलेल्या चॅटचा स्क्रीनशॉट भलत्या ग्रुपवर पोचतो. गेम खेळताना हेडफोनमधून काय काय ऐकवलं जातं ते तर बाहेर बसलेल्या आईला कळतही नाही.

एक अपवाद मात्र ठेवा. उघडा फोटो, बलात्काराची किंवा जिवाची धमकी एकदाच आली असली, तरी "पुन्हा झालं तर बघू" म्हणायचं नाही.

असं काही कळलं की पहिलं काम म्हणून फोन काढून घेऊ ना?

नको. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

मुलं घरी का सांगत नाहीत, हे मी गेली काही वर्षं त्यांना विचारतेय. मार बसेल, ओरडा बसेल ही भीती असतेच, पण सगळ्यात आधी येतं ते "फोन जाईल". त्रास देणारा दुसराच कुणीतरी आणि शिक्षा आपल्याला, हा हिशेब मुलांना पक्का कळतो. एकदा फोन गेला की पुढच्या वेळी ते मूल मित्राला सांगेल, गुगलला विचारेल, ब्लॅकमेल करणाऱ्याला पैसे देईल, पण तुमच्याकडे येणार नाही.

दुसरं कारण अगदी व्यवहारी आहे. तो फोन म्हणजे पुरावा. नववीतल्या एका मुलीच्या वडिलांनी रागाच्या भरात तिचा फोन ओळखीच्या दुकानात नेला आणि फॉरमॅट मारून आणला. म्हणाले, "घ्या, कटकट मिटली." तीन महिन्यांच्या धमक्या, त्यांच्या तारखा, पाठवणाऱ्याचे दोन नंबर, सगळं पुसलं गेलं. पंधरा दिवसांनी त्याच मुलाने नव्या नंबरवरून पुन्हा सुरुवात केली. तक्रार द्यायला गेल्यावर वडिलांच्या हातात दुकानाची दोनशे रुपयांची पावती होती.

रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे, हा नियम वेगळा. तो जरूर करा. फक्त त्या रांगेत बाबांचाही फोन हवा.

पुरावा जपायचा म्हणजे नक्की काय करायचं?

घाई करा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला आपला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन तर कुणाचाही पुसू शकतो. स्नॅपचॅटवर बरंचसं आपोआपच जातं.

स्क्रीनशॉट घेताना लोक हमखास एक चूक करतात. चॅटच्या वर "पिंट्या" असं सेव्ह केलेलं नाव दिसतं आणि त्याचाच फोटो काढतात. पिंट्या कोण, हे पोलिसांना कसं कळणार? नावावर टॅप करून नंबर दिसेल अशा पानाचाही स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्रामवर युजरनेम एका मिनिटात बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून स्वतःलाच मेसेज करून ठेवा. पोस्ट असेल तर पोस्टची लिंकही. व्हॉट्सअ‍ॅपवर "एक्स्पोर्ट चॅट" नावाची सोय आहे. अख्खा संवाद तारीख-वेळेसह एका फाइलमध्ये निघतो, तो ईमेलवर पाठवून द्या. मूळ चॅट फोनमध्ये तशीच राहू द्या. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

शिवाय शाळेची एक जुनी वही घ्या. कधी, किती वाजता, कुठे, कुणी, काय, आणि हे कुणी पाहिलं, इतकंच त्यात लिहा. दोन आठवड्यांनी तुम्हालाच क्रम आठवणार नाही.

आता सावधगिरीची एक गोष्ट. फोटो किंवा व्हिडिओ अल्पवयीन मुलाचा आणि अश्लील असेल तर त्याच्या प्रती काढू नका, कुणाला पाठवू नका. वर्गाच्या पालक ग्रुपवर "बघा काय चाललंय" म्हणून तो टाकणारे काका-काकू मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तो गुन्हा होतो. असं साहित्य नुसतं जवळ बाळगणंही पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. खात्याची लिंक आणि नंबर टिपून ठेवा, आलेली गोष्ट आहे तिथेच राहू द्या, फोन थेट पोलिसांना दाखवा.

ब्लॉक आधी की रिपोर्ट आधी?

आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं की त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. समोरच्याला ते कळत नाही. आणि उत्तर देऊ नका. मुलाच्या मामाने मुलाच्या फोनवरून दिलेली कचकचीत शिवी पुढे समोरच्याच्या वकिलाला फार उपयोगी पडते.

मुलाने अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल उचलला. आता रेकॉर्डिंग व्हायरल करू म्हणून पैसे मागताहेत.

हा प्रश्न जिन्यातला. विचारणारे बहुतेक वडील असतात आणि नजर जमिनीवर असते. मुलगा बारावीतला, सतरा वर्षांचा, अभ्यासात बरा, असं सगळं सांगून झाल्यावर मुद्द्यावर येतात.

ठरलेली पद्धत आहे ती. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर सुंदर मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड बोलणं होतं, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू असतो. इकडचा मुलगा पडद्यावर रेकॉर्ड होतो आणि दहा मिनिटांत त्याच्या मित्रांच्या, आत्याच्या, शाळेच्या सरांच्या नावांची यादी त्यालाच पाठवली जाते. पैसे दिले नाहीत तर दुसऱ्या दिवशी "सायबर सेलचा अधिकारी बोलतोय" म्हणून फोन येतो. तोही त्याच टोळीतला. खरे पोलीस फोनवर पैसे घेऊन प्रकरण मिटवत नाहीत.

पैसे देऊ नका. दिले की यादीत तुमच्या नावापुढे "देतो" अशी खूण होते आणि मागणी वाढते. आधीच दिले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवण्याची शक्यता असते, म्हणून तिथे तासातासाचा हिशेब आहे. मग पुरावा जपा, खातं रिपोर्ट करा, फ्रेंडलिस्ट लपवा, तक्रार नोंदवा.

मुलगा अठराच्या आतला असेल तर तो पॉक्सोप्रमाणे पीडित आहे. २०१२ चा हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पुष्कळ वडिलांना हे माहीतच नसतं. त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. त्याला लाजेने काय वाटत असतं ते तुम्ही विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

मुलीचा साधा फोटो घेऊन एआयने घाणेरडा बनवलाय. फोटो खोटा आहे, मग गुन्हा होतो का?

होतो. असं चित्र बनवणं आणि पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अश्लीलतेच्या कलमांत बसतं. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोही लागतो, कारण त्यातल्या व्याख्येत संगणकाने तयार केलेलं, खऱ्या मुलासारखं दिसणारं चित्रही येतं. ज्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर फोटो आहे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच लिहा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशा खासगी आणि बनावट चित्रांसाठी २४ तासांची मुदत ठेवली गेली.

"टेक इट डाउन" नावाची एक विनामूल्य सेवा आहे. अठरा वर्षांखालच्या वयातल्या फोटोंसाठी ती चालते. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सामील कंपन्या त्या ठशावरून फोटो ओळखून काढतात. मोठ्यांसाठी अशीच "स्टॉप एनसीआयआय" आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपापसात फिरणाऱ्या फोटोंना मात्र याचा उपयोग नाही.

आणि मुलीला "तू फोटो टाकलासच कशाला?" हे विचारू नका. तो रंगपंचमीचा, रहाडीत म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात उडी मारून भिजलेल्या चार मैत्रिणींचा फोटो असतो. रहाडीत उडी मारणं ही नाशिकची परंपरा आहे, गुन्हा नाही.

शाळा म्हणते, "हे शाळेबाहेर घडलंय, आम्ही काय करणार?"

हे उत्तर मला स्वतःला ऐकून ऐकून पाठ झालंय. मोबाइल शाळेबाहेरचा असला तरी मुलं वर्गातली असतात, बाकं शेजारची असतात. तोंडी सांगू नका. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जात "कारवाई करा" एवढंच न लिहिता नेमकं मागा: बाक बदला, दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा, वर्गाच्या ग्रुपवर शिक्षक असावेत. राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असणं २०२२ पासून अपेक्षित आहे. तुमच्या शाळेत तिच्यावर कोण आहे, ते विचारा. पुष्कळदा हा प्रश्न विचारल्यावरच समितीचा फलक लागतो.

लैंगिक स्वरूपाचं प्रकरण असेल तर शाळेला "आपसात मिटवा" म्हणायचा अधिकार नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दोन्ही मुलांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" हा प्रकार मी अनेक शाळांत पाहिला. हात मिळवला जातो, आणि संध्याकाळी त्या हात मिळवण्याचंही स्टिकर निघतं.

तक्रार कुठे द्यायची? शहर पोलीस की ग्रामीण?

पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिकरोड, देवळाली कॅम्प हा भाग शहर आयुक्तालयाचा. सिन्नर, निफाड, दिंडोरी, मालेगाव, येवला ग्रामीण अधीक्षकांकडे. दोन्हीकडे सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं पोलीस ठाणं आहे. पण हद्दीच्या घोळात दिवस घालवू नका. घराजवळच्या ठाण्यातही तक्रार घेतली गेली पाहिजे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

घरबसल्या करायची असेल तर केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे. महिला आणि मुलांविरुद्धच्या अश्लील साहित्याची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. नाव दिलं तर पाठपुरावा सोपा जातो.

पोलिसांत गेलं की मुलीचं नाव पेपरात येईल, पुढे लग्नाला अडचण...

पॉक्सोखालच्या प्रकरणात मुलाचं किंवा मुलीचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापणं हाच गुन्हा आहे. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. यातलं काही पाळलं जात नसेल तर तिथेच पॉक्सोच्या कलम २४ चं नाव घ्या.

बदनामीचं म्हणाल, तर माझा अनुभव असा की ती पोलीस ठाण्यातून क्वचित पसरते, नातेवाइकांच्या फोनवरून जास्त. सोसायटीत कुणाला सांगायचं याचा निर्णय मुलीला विचारून घ्या.

लग्नाच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. मुलगी आठवीत आहे.

आमचाच मुलगा दुसऱ्याला छळतोय असं कळलंय. काय करू?

हा प्रश्न मला आजवर तिघांनीच विचारला. त्रास झालेली मुलं एवढी असताना त्रास देणाऱ्यांचे आईबाप फक्त तीन, याचं मला नवल वाटतं.

मारू नका, सारवासारवही करू नका. आधी त्याच्याकडून पूर्ण गोष्ट ऐका, कारण पुष्कळ मुलं आधी स्वतः झळ बसलेली असतात. मग ज्या खात्यावरून केलं ते त्याच्याच हातून, तुमच्या समोर बंद व्हायला हवं. समोरच्या पालकांकडे तुम्ही जा, मुलाला घेऊन जायचं की नाही ते त्यांना विचारून ठरवा. प्रकरण पोलिसांत गेलेलं असेल तर मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही पुसायचं नाही.

अठराच्या आतल्या मुलाला बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि भर समुपदेशनावर, सुधारणेवर असतो. मुलाला घाबरवायला उंटवाडीच्या निरीक्षणगृहाचं नाव घेऊ नका. अठरा पूर्ण झालेल्याला मात्र ही सवलत नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत कितीतरी जणांचा तो वाढदिवस येतो आणि तोवर लागलेली सवय तशीच असते.

मी सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. दुसऱ्याने काही टाकलं तर मला धरतील का?

केवळ अ‍ॅडमिन आहात म्हणून नाही. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण पुसायची सोय हातात असताना गंमत बघत बसणं शोभत नाही. मुलांच्या ग्रुपवर अ‍ॅडमिन असलेल्या दादा-ताईंना मी हेच सांगते.

मुलगा कोयता घेऊन रील करतो. "भाऊ, नुसतं व्ह्यूजसाठी" म्हणतो.

व्ह्यूज पोलिसांचेही असतात. शस्त्र मिरवल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो आणि पुरावा म्हणून तीच रील पुरते. २०२५ च्या दिवाळीआधी शहर पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम घेतली. "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असं म्हणायला लावलेल्या भाईंचे व्हिडिओ मग घरोघरी पोचले. आमच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत महिनाभर तेच म्हणत होती.

कोयता प्लास्टिकचा आहे, असा खुलासा नंतर करावा लागणं हेही काही बरं नव्हे. कोणाच्या वाढदिवसाला, कोणाच्या सांगण्यावरून रील झाली, ते विचारा. त्या "भाऊ"चं वय बहुधा पंचवीसच्या पुढचं निघतं.

कॉलेजच्या मुलाला कुणीतरी म्हणालं, "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील." यात काय धोका?

त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. पोलीस पहिल्यांदा पोचतात ते खातेदाराकडे, आणि तेही कधी कधी परराज्यातले. खातं गोठतं, शिष्यवृत्ती अडकते, मुलगा आरोपी होतो. सिम कार्ड आणि एटीएम कार्डाचंही तेच. खोलीवर राहून शिकणाऱ्या, घरून पैसे मागायला संकोचणाऱ्या मुलांनाच हे विचारलं जातं. खातं आधीच दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवा, कार्ड बंद करा आणि वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे स्वतः जा.

कितव्या वर्षी फोन द्यावा? दिला तर त्यातली कोणती सेटिंग्ज बदलून द्यावी?

वय मी सांगत नाही. कारखान्यात दोघंही शिफ्टला असतील तर पाचवीतल्या पोरालाही फोन लागतो, हे सातपूरमध्ये राहून मला कळतं. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम यांची स्वतःचीच किमान मर्यादा तेरा वर्षांची आहे. खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकू देऊ नका. इन्स्टाग्राम अल्पवयीन मुलांचं खातं आपोआप खासगी ठेवतं आणि सोळाच्या आतल्यांना ते सैल करायला पालकांची परवानगी लागते. जन्मसाल २००० टाकलं की हे सगळं संरक्षण गेलं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, तिथे "माझे संपर्क" निवडा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघा: वर्गमित्राने मधल्या सुट्टीत दोन मिनिटं फोन घेऊन स्वतःच्या लॅपटॉपला जोडला असेल तर तिथे दिसेल. लॉकचा पॅटर्न जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही. जिवलग मैत्री दिवाळीपर्यंत टिकते, पॅटर्न तोच राहतो.

फोन दुरुस्तीला देताना गॅलरीसकट देऊ नका. बऱ्याच नव्या फोनमध्ये मेंटेनन्स किंवा रिपेअर मोड असतो, तो लावा.

मुलांच्या नकळत त्यांच्या फोनवर लक्ष ठेवायचं अ‍ॅप टाकू का?

लहान मुलाला सांगून, दाखवून गुगलच्या फॅमिली लिंकसारखं काही लावणं ठीक. चोरून टाकलेलं अ‍ॅप त्यांना सापडतंच. आपल्यापेक्षा त्यांना फोन जास्त कळतो. सापडल्यावर ते दुसरा फोन वापरतात, मित्राचा. तो तुम्हाला कधीच दिसत नाही.

मूल "जगून काय उपयोग" असं बोलायला लागलंय.

नाटक समजू नका आणि एकटं सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते मनात घातलं जात नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. जिवाला धोका आत्ता, या क्षणी वाटत असेल तर ११२ किंवा सरळ जवळचं रुग्णालय. पुरावा, शाळा, तक्रार हे सगळं दुसऱ्या दिवशी.

मी नववीत आहे. हे पान आईच्या फोनवर वाचतोय. घरी कसं सांगू?

तोंडाने निघत नसेल तर लिही. आईला हा मेसेज जसाच्या तसा पाठवलास तरी चालेल: "आई, मला फोनवर कुणीतरी त्रास देतंय. मला भीती वाटते. रागावू नको, आधी ऐकून घे. फोन काढून घेऊ नको, त्यात पुरावा आहे." शेवटचं वाक्य गाळू नकोस.

आई ऐकणार नाही असं वाटत असेल तर मावशी, आजोबा, शाळेतल्या ज्या बाई कधी ओरडत नाहीत त्या, यातलं कुणीही चालेल. कुणीच नसेल तर १०९८ लाव. पैसे लागत नाहीत. पलीकडचे तुझं नाव विचारतील. लगेच सांगायचं नसेल तर "आधी बोलतो, मग सांगतो" म्हण.

आणि तुझी चूक झाली असेल, म्हणजे फोटो तूच पाठवला असशील, कॉल तूच उचलला असशील, तरीही लाव.